सेफ्टी पिनची मोटर, उद्यमनगर स्टाईल

शाळा सुटली की मी दप्तर टाकून उद्यमनगरात (छोट्या कारखान्यांचा भाग) मामाच्या रिवायंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरायच्या दुकानात, शेतीपंपाच्या जळक्या मोटरी, वॉर्निशचा वास आणि खाली पडलेले तारेचे तुकडे सगळे माझेच. त्यातनंच ही मोटर शिकलो, परवा भाच्याला करून दिली तर पोरगं मोबाईल सोडून तासभर बसलं की ओ.

सामान लई नाही. टॉर्चचा मोठा १.५ व्होल्टचा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर, आणि २४ किंवा २६ गेजची वायंडिंग वायर मीटरभर. तार नवीन मागा, जळक्या मोटरीतली नको, तिची लाख (तारेवरचा वीज अडवणारा थर) गेलेली असते मग कॉइल, म्हणजे तारेचे वेढे, आतल्या आतच शॉर्ट. मॅग्नेट जुन्या स्पीकरचं, अख्खं बसत नाही, फुटका तुकडाच बरा.

जाड मार्करवर १०-१२ वेढे घ्या, दोन्हीकडं पाच-पाच सेंटीमीटर शेपट्या सोडा आणि वेढ्याला एक-एक गाठ मारा. शेपट्या एका रेषेत पाहिजेत, नाहीतर फिरताना लंगडती.

आता खरी गोम. एक शेपटी पॉलिश पेपरनं पूर्ण घासून लाख काढायची. दुसरी, कॉइल उभी धरून, फक्त वरची अर्धी बाजू. मी पहिल्यांदा दोन्ही पूर्ण घासल्या, तर कॉइल नंदीबैलासारखी नुसती मान हलवायची. मामा म्हणाला, "आरं, अर्धा फेरा करंट बंद पाहिजे, नाहीतर मॅग्नेट तिला परत मागं वढतंय." त्या अर्ध्या फेऱ्यात ती आपल्या वेगानंच पुढं जाते.

सेलच्या दोन्ही टोकांना पिना रबरानं घट्ट बांधा, गोल डोळा वर. शेपट्या डोळ्यांत घाला, मॅग्नेट खाली सेलवर ठेवा आणि बोटानं हलकी टिचकी मारा. नाही फिरली तर उलट्या बाजूनं मारून बघा, तरी नाही तर परत घासा, दहातल्या नऊ वेळा लाखच राहिलेली असते.

कॉइल थांबली की लगेच काढून ठेवा, सेल तापतो. मोबाईलची बॅटरी तर अजिबात लावू नका, एवढ्याशा तारेतनं सरळ शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते.

मॅग्नेट पालथं केलं की मोटर उलटी फिरते, हे भाच्यानंच शोधलं, मी सांगितलं नव्हतं.