छोटं पुरातत्त्व संग्रहालय पाहताय? या चुका टाळा

तीन-चार दालनांचं संग्रहालय वीस मिनिटांत उरकणं, ही सगळ्यांत मोठी चूक. माणसं मूर्ती शोधत आत शिरतात, त्या एक-दोनच निघतात, आणि खापरांच्या काचपेटीवर नजर ठरतच नाही. अशा संग्रहालयाची खरी पुंजी मात्र त्या खापरांतच असते, कारण ती आसपासच्याच उत्खननांतून आलेली असतात. निदान दीड तास हाताशी ठेवा.

सगळी खापरं पाहू नका, एकच निवडा. आधी तुटलेली कड बघा. दोन्ही बाजूंनी तांबूस आणि मधोमध काळा पट्टा दिसला, तर भाजताना भांड्याला वेळ किंवा हवा कमी पडली आणि मातीतला सेंद्रिय अंश आत जळायचा राहिला. आतल्या अंगाला समांतर बारीक रेघा म्हणजे भांडं चाकावर घडलंय. बोटांचे वेडेवाकडे दाब असतील तर हाताने. बुडाला बाहेरून काजळी असेल, तर ते बहुधा चुलीवर चढत होतं. तुकडा काठाचा असेल तर त्याचा बाक मनातल्या मनात पुढे फिरवा, तोंडाचा घेर कळतो. अभ्यासकही हेच करतात. ते कागदावर आखलेल्या वर्तुळांवर काठ टेकवून बघतात.

अख्खं मडकं अख्खं सापडलंय, असं धरून चालू नका. जवळून पाहिलं की एकसारखा, किंचित फिका भाग दिसतो. ती प्लास्टरची भर. जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळावं म्हणून रंगात मुद्दाम फरक ठेवतात. काठ किंवा बूडच भरीचं असेल, तर मूळ आकार अंदाजाचा आहे.

काळाच्या पाट्यांवर हमखास घोटाळा होतो. इसवी सनात शून्य वर्ष नाही, त्यामुळे इ.स.पू. २०० ते इ.स. २०० हे अंतर ३९९ वर्षांचं. कार्बन-१४ म्हणजे एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंतल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत. तिच्या तक्त्यात ‘आजपूर्व’ लिहिलेलं असेल तर तिथला ‘आज’ म्हणजे १९५०. पुढे ± ४० असेल तर खरं वय त्या आकड्याच्या ४० वर्षं मागेपुढे असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के, शंभर नव्हे. आणि दगडी कुऱ्हाडीचं वय या पद्धतीने निघत नाही. मोजलेला असतो तो तिच्याच थरात सापडलेला कोळसा किंवा हाड. म्हणून थरांचा उभा छेद दाखवणारा तक्ता भिंतीवर असेल, तर सुरुवात तिथूनच करा.

नाण्यावरून थराचं वय ठरवतानाही पाय घसरतो. इ.स. १५० चं नाणं सांगतं ते एवढंच, की थर त्याआधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो, कारण नाणी पिढ्यान्‌पिढ्या हातात फिरतात. घुशीच्या बिळातून ते खाली घसरलं असेल, तर तेवढाही भरवसा नाही.

शिलालेख समोरून वाचू नका. बाजूला सरका, तिरप्या उजेडात झिजलेल्या अक्षरांच्या खाचा सावली धरतात. त्यावर पाणी किंवा खडू अजिबात नको. खडूची भुकटी दगडाच्या रंध्रांत बसते, आणि रेघ ओढणाऱ्याला जे अक्षर वाटलं तेच पुढच्याला दिसू लागतं. फोटोला परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. काचेवर नुसता झोत उमटतो. कापड किंवा हस्तलिखितांचं दालन अंधुक असेल तर कुरकुर नको. उजेडाने रंग उडतात, म्हणून तिथे प्रकाश जेमतेम ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवायची पद्धत आहे.

आदल्या दिवशी फोन करा. वेळ तर विचाराच, पण सगळी दालनं उघडी आहेत का तेही विचारा. कर्मचारी थोडे असले की एखादं कुलूपबंद राहतं.

पाटीवर सापडल्याचं ठिकाण नसेल, तर वस्तूवर शाईने लिहिलेला बारीक नोंदणी क्रमांक शोधा आणि उतरवून घ्या. ‘ती तांबडी मडकी कुठली?’ या प्रश्नाला कुणाकडेच नेमकं उत्तर नसतं. क्रमांक दिला की नोंदवहीतलं पान उघडता येतं.