सोलो येतो, पण बँडमध्ये जमत नाही? जॅझ शिकायला निघालेल्यांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं संगीताच्या डिग्रीला जॅझ घ्यायचं म्हणतात, तेव्हा तयारी करतात ती एकट्यानं वाजवायच्या सोलोची. आपल्याकडे ते साहजिकच आहे. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा, धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचा हा मुलूख. मैफल म्हणजे मधोमध एक कलाकार आणि बाकीचे साथीला, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. विद्यापीठातल्या एन्सेम्बलच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या, वर्गात मात्र पाच-सहा जण असतात. एका गाण्यात तुमच्या वाट्याला सोलोचे एक-दोन कोरस (कोरस म्हणजे गाण्याची पूर्ण एक फेरी) येतात आणि उरलेला वेळ तुम्ही दुसऱ्यासाठी वाजवत असता, नाहीतर गप्प असता. शिक्षकांचं लक्ष नेमकं त्या उरलेल्या वेळाकडे असतं, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

सा हलतो, हे विसरणं

ही सगळ्यात मोठी चूक. राग शिकलेल्या मुलाला कुणीतरी सांगतं, डोरियन मोड म्हणजे आपला काफी थाट. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. ते खरंच आहे. मग तो अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममधलं ‘सो व्हॉट’ काढतो, पांढरी दोनचा (डीचा) सा धरतो आणि काफी सुरू करतो. १६ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) झकास जातात. सतराव्या बारला सगळा बँड अर्धा स्वर वर, काळी दोनवर सरकतो आणि हा पांढरी दोनलाच चिकटून राहतो. आठ बार ऐकवत नाहीत. मग बँड शेवटच्या आठ बारांसाठी खाली येतो आणि याचं पुन्हा जुळतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सर, मी बरोबरच वाजवालोय की, बेसवालाच चुकला.”

तानपुऱ्यानं कानाला सा स्थिर असायची सवय लावलेली असते. ती सवय मोडायची गरज नाही, पण इथे सा कॉर्डबरोबर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीबरोबर, घर बदलतो हे कानाला शिकवावं लागतं. ‘सो व्हॉट’मध्ये तो एकदा वर जाऊन परत येतो, बाकीच्या स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले सगळेच वाजवतात त्या, गाण्यांत कॉर्ड दर बारला, कधी अर्ध्या बारलाही बदलते. यावर स्केलच्या याद्या पाठ करणं हा चुकीचा इलाज आहे, आणि इंटरनेटवर तोच सगळ्यात जास्त सांगितला जातो.

त्यापेक्षा पेटी घ्या. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन या तीन कॉर्ड जॅझमध्ये जिकडेतिकडे एकापाठोपाठ भेटतात. प्रत्येकीचे फक्त मूळ स्वरापासून मोजून तिसरा आणि सातवा हे दोन स्वर वाजवा. पहिलीत एफ आणि सी. दुसरीत एफ तसाच राहतो, सी उतरून बी होतो. तिसरीत बी तसाच राहतो, एफ उतरून ई होतो. दर वेळी एकच बोट हलतं, तेही लगतच्या पट्टीवर. हे दोन स्वर आधी गाऊन आणि मग वाजवून पक्के करा. सोलोत ते योग्य बारला पडले, की मागे पियानो नसला तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते. मग बारा सुरांत हाच अभ्यास. कंटाळवाणा आहे, पण याला दुसरी वाट नाही.

फॉर्म हरवणं

फॉर्म म्हणजे गाण्याचा पुन्हा पुन्हा फिरणारा आराखडा. ब्लूजचा फॉर्म १२ बारांचा, म्हणजे ४८ मात्रा. ए-ए-बी-ए (ए ही मुख्य चाल, बी हा मधला वेगळा भाग, म्हणजे ब्रिज) हा ३२ बारांचा, म्हणजे १२८ मात्रा. विलंबित ख्यालाचं आवर्तन धरायला शिकलेल्याला हे अवघड जाऊ नये. तरी जातं, कारण इथे सम दाखवणारा ठेका नसतो. ड्रमर आठ बार संपताना एखादी फिल (छोटा भरणीचा तुकडा) देईल, तेवढीच खूण.

हरवण्याची जागाही बहुधा एकच असते. ए-ए-बी-ए संपलं की पुढच्या कोरसचे दोन ए लगेच येतात, म्हणजे सलग तीन ए झाले. चालू आहे तो दुसरा की तिसरा, हे विसरलं की बाकीचे ब्रिजवर जातात आणि तुम्ही मागे राहता. म्हणून सोलो वाजवताना मूळ चाल मनात चालू ठेवायची. घरी सराव करताना वाद्य बाजूला ठेवा, टाळी द्या आणि कॉर्डचे मूळ स्वर गात पूर्ण फॉर्म न चुकता फिरा. हे जमेपर्यंत सोलोला हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्गात हरवलातच तर वाजवत राहून जागा शोधू नका. थांबा, बेस ऐका. ब्रिजला कॉर्डची दिशा ठळकपणे बदलते, तिथे परत आत या. दोन बारांची शांतता कुणाला खटकत नाही, उलट मुद्दाम घेतलेली वाटते. चुकीच्या जागी ठासून वाजवलेले आठ बार मात्र बँडमधल्या प्रत्येकाला कळतात.

पियानोवर पेटीची साथ

बेळगाव हे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव. इथल्या मुलांच्या बोटांत पेटी असते आणि साथ कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक असतं: गायकाच्या मागोमाग जायचं, त्याची जागा उचलायची, तो थांबला की भरून काढायचं. त्या परंपरेत हे कौशल्याचं काम आहे. जॅझमध्ये सोलोवाल्याच्या मागे कॉर्ड वाजवण्याला कॉम्पिंग म्हणतात, आणि तिथे हीच सवय नडते. सॅक्सोफोनवाला एक वाक्य वाजवून श्वास घेतो, तेवढ्यात पियानोवाला तेच वाक्य परत म्हणून मोकळा. दोनदा गंमत वाटते. तिसऱ्यांदा सॅक्सवाला वळून बघतो.

कॉम्पिंग म्हणजे ढकलणं आणि जागा सोडणं. कॉर्ड आखूड ठेवा, कधी मात्रेच्या किंचित आधी टाका, कधी बारभर काहीच टाकू नका. डाव्या हातानं खालचे मूळ स्वर दाबणं बंद करा; ते काम बेसचं आहे आणि दोघांनी केलं की नुसता गढूळ आवाज होतो. वर सांगितलेले तिसरा-सातवा एवढे दोन स्वर पुष्कळ झाले. गिटार आणि पियानो दोन्ही असतील तर एका कोरसला एकानंच कॉम्पिंग करायचं, हे सुरू करण्याआधी बोलून घ्या.

सुधारणा होते आहे का हे बघायला तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना स्वतःचा सोलो ओलांडून पुढे जा. दुसऱ्याच्या सोलोत, त्यानं सोडलेल्या मोकळ्या जागांत, तुम्ही काय केलंत तेवढंच ऐका.

ट्रान्सपोजचं बटण

भजनाला, ऑर्केस्ट्राला कीबोर्ड वाजवणारे सगळं पांढरी एकमध्ये बसवतात आणि गायकाची पट्टी आली की बटण दाबतात. विद्यापीठात समोर साधा पियानो असतो, त्याला बटण नाही. शिवाय जॅझची पुष्कळ गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफमध्ये. म्हणजे काळी पाच, काळी दोन, पांढरी चार. आजपासून त्या बटणावर चिकटपट्टी लावा.

बँड पथकातून आलेल्यांची अडचण उलटी. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटचे, आल्टो ई फ्लॅटचा; म्हणजे त्यांनी ‘सी’ वाजवला की पियानोचा बी फ्लॅट किंवा ई फ्लॅट ऐकू येतो. पियानोवाला ‘सी’ म्हणाला, की ट्रम्पेटनं डी आणि आल्टोनं ए वाजवायचा. पथकात उस्तादांची बोटं बघून शिकलेल्याला याची कधी गरज पडलेली नसते, आणि पहिल्याच वर्गात कागद समोर आला की सगळं एका सुरानं तिरकं जातं. आपल्या वाद्याच्या पट्टीत लिहिलेला कागद मागून घ्या, पण नुसत्या तोंडी सूचनेवरही वाजवता आलं पाहिजे.

वजन चुकीच्या मात्रेवर

आपण समेवर डोलतो. स्विंगमध्ये टाळी दोन आणि चारवर, जिथे ड्रमरचा पाय हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) बंद करतो. १२० च्या लयीत वाजवायचं असेल तर मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा ठोका दोन-चार समजा. पहिले काही दिवस ठोका आपोआप एक-तीनवर घसरेल. थांबून पुन्हा सुरू करा. दुसरं म्हणजे, स्विंग हा दादऱ्यासारखा तीन भागांत काटेकोर कापलेला नसतो. सावकाश लयीत झोल जास्त, लय चढली की जवळजवळ सरळ. हे कागदावर लिहिलेलं नसतं, ऐकूनच येतं.

आवाजाबद्दल एकच. मंगल कार्यालयात माईक-मॉनिटरवर वाजवलेले ड्रमर छोट्या खोलीतही तेवढ्याच जोरानं वाजवतात. बेस ऐकू येत नसेल तर तुमचा आवाज जास्त आहे, वाद्य कुठलंही असो.

पाठ केलेला सोलो

ऑडिशनला यूट्यूबवरून उतरवलेला सोलो जसाच्या तसा वाजवणारे दर वर्षी असतात. दुसऱ्याचा सोलो कानानं उतरवणं हा अभ्यास उत्तमच आहे: आधी गा, मग वाजवा, लिहा सगळ्यात शेवटी. पण परीक्षक लय बदलतात, किंवा ड्रमरबरोबर चार-चार बारांची देवाणघेवाण करायला सांगतात. त्यानं नुकतंच काय वाजवलं ते ऐकून तुम्हाला उत्तर द्यायचं असतं आणि तिथे पाठांतर उघडं पडतं. बोस्टनच्या बर्कलीसारख्या ठिकाणी तर ऑडिशनमध्ये इम्प्रोव्हायझेशन, वाचन आणि कानाची परीक्षा असं सगळंच बघतात.

कोर्स निवडताना

माहितीपत्रकावरचे फोटो बघून ठरवू नका. मिळणार ती डिग्री की डिप्लोमा, डिग्री असेल तर यूजीसी मान्यता आहे का, आठवड्याला एन्सेम्बलचे तास किती आणि तुमच्या वाद्याचे शिक्षक कायम आहेत की अधूनमधून येणारे, एवढं फोनवर विचारा. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर तेच उत्तर समजा.

आणि प्रवेश मिळेपर्यंत वाट बघत बसू नका. चोर्ला घाट उतरलं की गोवा, आणि मुंबईतल्या जुन्या जॅझ बँडांतले कितीतरी वादक गोव्याचेच. त्यांतलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आपल्या बँडसकट १९५१ सालच्या ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटात दिसतो. बेळगावातही कॅम्पात चर्चला गिटार-बेस वाजवणारी पोरं आहेत, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट-ट्रम्पेटवाले आहेत. तिघं जमलात तरी एफमधला ब्लूज सुरू करता येतो: चार बार एफ सेव्हन, दोन बी फ्लॅट सेव्हन, दोन पुन्हा एफ सेव्हन, मग एकेक बार सी सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, एफ सेव्हन आणि परत फिरायला सी सेव्हन. पहिल्या तालमीत सोलो कुणीच घ्यायचा नाही, नुसता फॉर्म फिरवायचा. ड्रमर मिळाला नाही तर ढोलकीवाल्याला बोलवा, फक्त त्याला थाप दोन आणि चारवर द्यायला सांगा.