जुन्या लॅपटॉपवर आडतीचं सॉफ्टवेअर परत चालू करायचंय? आधी फॉरमॅटचा नाद सोडा

आमच्याकडं मोंढ्यात अजून बऱ्याच आडतीत फॉक्सप्रोमधलं (डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातला डेटाबेस) जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालतं. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, उचल, सगळं त्यातच, आणि मुनीमजींची बोटं त्या निळ्या स्क्रीनवर माउसशिवाय पळतात. मग एक दिवस लॅपटॉप बंद पडतो, शेठ नवीन आणतात आणि त्याच्यावर हे चालतच नाही, कारण ६४ बिट विंडोज १६ बिट डॉसचा प्रोग्राम उघडतच नाही. कुणीतरी सांगतं डॉसबॉक्स टाका, म्हणजे नवीन विंडोजमधी डॉस चालवणारं सॉफ्टवेअर. अहो ते गेमसाठी बनवलंय, त्यात पट्टी प्रिंट करायला बसलात की रात्र जाईल. ३२ बिट विंडोज एक्सपी असलेला तो जुना लॅपटॉपच उठवा, बहुतेक वेळा तो मेलेला नसतोच.

उघडून धूळ काढा (आडतीतल्या लॅपटॉपच्या फॅनमधी सोयाबीनचा भुसा अक्षरशः नमद्यासारखा बसलेला असतो), रॅमच्या पट्टीला खोडरबर मारा, फुगलेली बॅटरी असली तर काढून बाजूला ठेवा अन् नुसत्या चार्जरवर चालवा. झालं.

आता हार्डडिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या कम्प्युटरला लावा आणि सॉफ्टवेअरचा पूर्ण फोल्डर कॉपी करून घ्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. नुसती ईएक्सई नेणारे महाभाग मी बघितलेत, डेटा डीबीएफ फाईलमधी असतो, सोबत एफपीटी, सीडीएक्स, आयडीएक्स जे दिसेल ते सगळं घ्या. डिस्क लावल्यावर विंडोज विचारतं स्कॅन करून दुरुस्त करू का, तिथं नाही म्हणा. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

आता खरी गोची. डिस्क परत बसवून लॅपटॉप चालू केला की एक्सपीचा लोगो येतो, खाली ते तीन ठोकळे एक-दोनदा सरकतात, क्षणभर निळं काहीतरी चमकतं आणि गाडी परत पहिल्यापासून. असंच चालू राहतं, संध्याकाळपर्यंत बसा बघत. इथं दहातले नऊ जण म्हणतात विंडोज उडालं, फॉरमॅट मारा. मी पण तेच केलं होतं. नवीन होतो, शेठ बाजूला बसून दर पाच मिनिटाला झालं का रे, झालं का रे करायलेत, बाहेर सोयाबीनच्या गाड्या लागलेल्या, मी सीडी टाकली अन् मारला फॉरमॅट, कॉपी न घेता. दोन हंगामाची उधारी गेली. मग दिवाळीच्या तोंडावर मुनीमजींसोबत बसून कच्च्या चिठ्ठ्यांवरून एकेक नोंद परत भरली, आणि ते काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वाईट म्हणजे विंडोजला काहीच झालेलं नव्हतं.

झालेलं असतं ते असं. मदरबोर्डवर एक बटणासारखा छोटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. लॅपटॉप दोन-तीन वर्षं कपाटात पडला की तो उतरतो आणि अशा जुन्या मशीनची बायोस सेटिंग (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची स्वतःची सेटिंग) कंपनीच्या मूळ सेटिंगवर जाते. त्यात हार्डडिस्कचा मोड असतो, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत: जुनी आयडीई, नवी एएचसीआय. एक्सपी आलं २००१ साली, त्याच्याकडं एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नाही, म्हणून ज्यानं पहिल्यांदा एक्सपी टाकलं त्यानं मोड बदलून आयडीई केलेला असतो. सेल उतरला, मोड परत एएचसीआय झाला, एक्सपीला स्वतःचीच डिस्क दिसेना.

खात्री करायची तर चालू होताना एफ८ दाबत राहा, मेनूमधून ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद करायचा पर्याय निवडा. मग निळी स्क्रीन थांबते. कोडच्या शेवटी ७बी दिसलं (म्हणजे विंडोजला डिस्क सापडत नाही) की निम्मं काम झालं समजा. बायोसमधी जा, तारीख बघा, कुठल्यातरी जुन्या सालाची १ जानेवारी दिसली तर सेल गेलाच. मोडचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, कुठं आयडीई, कुठं एटीए, कुठं कम्पॅटिबिलिटी, तर कुठं साटा नेटिव्ह मोड म्हणून नुसतं एनेबल-डिसेबल असतं, तिथं डिसेबल करायचं. आधी जे आहे त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, कारण एखाद्यानं ड्रायव्हर घालून एएचसीआयवर एक्सपी टाकलेलं असलं तर उलटं करावं लागतं. दोन्हीकडून ७बीच आलं तरच डिस्कवर संशय घ्या.

सेल मात्र आधी बदला, नाहीतर लाईट गेली की उद्या परत तेच, आणि लाईट तर जातेच. लॅपटॉपचा सेल बहुतेक वेळा दोन वायरी अन् छोट्या कनेक्टरवाला असतो, तसाच तयार घ्या. साध्या सेलला घरी वायरींचा डाग (सोल्डर) द्यायला जाऊ नका, गरम होऊन फुटतो. आणि तारीख लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचं नाही, नाहीतर आजच्या पट्ट्या जुन्या सालात जाऊन बसतात अन् खातेवही जुळता जुळत नाही.

पुढचं सोपं. जास्त फाईल उघड्या असल्याची एरर आली तर विंडोजच्या सिस्टम३२ मधली कॉन्फिग डॉट एनटी नोटपॅडमधी उघडा, फाईल्स बरोबर ४० असतं ते १२० करा. स्क्रीन बारीक दिसली तर ऑल्ट एंटर. प्रिंटर यूएसबीचा असेल तर तो शेअर करून नेट यूज कमांडनं एलपीटी१ ला (जुन्या प्रिंटरच्या पोर्टचं नाव) जोडा, जुनं सॉफ्टवेअर फक्त एलपीटी१ ओळखतं.

इंटरनेट जोडू नका, वायफाय बंदच ठेवा, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबलेत. रोज दुकान बंद करताना फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा ठेवा, एक्सफॅटवाला साधं एक्सपी वाचत नाही. त्याच पेनड्राइव्हमधी पोरांनी गाणी भरून आणली तर परत करा.