मोफत वकील मागताना आपली खासगी माहिती कशी जपावी

मोफत वकील नेमून देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. तालुक्याच्या ठिकाणी हेच काम तालुका विधी सेवा समिती पाहते. मोफत वकील मागायला येणाऱ्याच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद, फिर्यादीची प्रत असे सगळेच असते आणि कोणी विचारण्याआधीच ते टेबलावर मांडले जाते. विधी स्वयंसेवक म्हणून मी काही काळ असे अर्ज लिहून देत असे. माहिती जपण्याचे निम्मे काम त्या टेबलापर्यंत पोचण्याआधीच करावे लागते, हे मला तिथेच कळले.

प्रथम आपण कोणत्या निकषात बसतो ते पाहावे, कारण कोणते कागद द्यायचे हे त्यावर ठरते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागू नाही. म्हणजे नांदण्याच्या वादात अर्ज करणाऱ्या बाईने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि घरच्यांची बँक पासबुके जोडण्याचे कारण नाही. उत्पन्नाच्या निकषावर अर्ज असेल, तरी कलम १३ प्रमाणे अर्जदाराचे शपथपत्र पुरेसे मानता येते. कारकुनाने आणखी कागद मागितला, तर तो कशासाठी हवा आहे, हे नम्रपणे विचारावे.

ओळखीसाठी आधार द्यायचे असल्यास शेवटचे चारच अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत माय आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. कोणत्याही झेरॉक्सवर ‘केवळ विधी सेवा अर्जासाठी’ असे लिहून तारीख घालावी आणि सही करावी. हा मजकूर कोपऱ्यात न लिहिता छपाईवरूनच आडवा लिहावा. मूळ कागद सोडून येऊ नये, आणि झेरॉक्सच्या दुकानात नको असलेली, वाया गेलेली प्रतही मागून घ्यावी. ती तिथल्या टोपलीत गेली, तर पुढे तिचा कागद पुडीला लागतो की आणखी कशाला, हे कोणी सांगू शकत नाही.

मात्र माझ्या मते सर्वांत नाजूक माहिती आधार क्रमांक नसून फोन आणि पत्ता ही आहे. एका अर्जात सवयीप्रमाणे घरचा पत्ता आणि घरातला एकुलता फोन लिहिला गेला. कार्यालयातून वकिलाचे नाव कळवायला फोन आला, तो नवऱ्याने उचलला, आणि बाई कुठे गेली होती हे त्याला त्या एका फोनने कळले. चूक कोणाचीच नव्हती; अर्जातला रकाना भरायचा म्हणून भरला होता आणि तो भरणारा मीच होतो. तेव्हापासून अर्जाच्या खाली मी वेगळी ओळ लिहू लागलो: ‘संपर्क फक्त खालील क्रमांकावर, दुपारी बारा ते चार या वेळेत करावा, टपाल घरच्या पत्त्यावर पाठवू नये.’ माहेरचा किंवा विश्वासातल्या मैत्रिणीचा क्रमांक तिच्या संमतीने द्यावा. पुढे कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज न्यायालयात गेल्यास, २००५ च्या अधिनियमातील कलम १६ खाली सुनावणी बंद दालनात घेण्याची विनंती करता येते, हेही वकिलाला आठवणीने सांगावे.

टेबलाशी बोलताना मोजके बोलावे. मागे बाकावर चार-पाच माणसे बसलेली असतात आणि खोली लहान असते. कोणत्या प्रकारचे प्रकरण आहे आणि तारीख जवळ आहे का, एवढे तिथे पुरते. सविस्तर हकीकत नेमलेल्या वकिलालाच सांगावी. वकिलाला त्या नात्याने सांगितलेली गोष्ट पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करण्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ मनाई करते. ही मनाई त्याच्या कारकुनालाही लागू आहे आणि काम संपल्यावरही टिकते. अपवाद आहे तो बेकायदा हेतूसाठी सांगितलेल्या गोष्टींचा आणि वकिली चालू असताना घडलेल्या गुन्ह्याचा किंवा फसवणुकीचा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा असल्याने अशा अर्जाची प्रत कोणाच्या व्हॉट्सॲपवर, ‘जरा बघून सांगा’ म्हणूनसुद्धा, पाठवू नये.

अर्ज देताना डोक्यावर ‘यातील माहिती गोपनीय म्हणून दिली आहे’ असे लिहावे. ते निव्वळ समाधानासाठी नाही. हे कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण असल्याने तिथल्या कागदांसाठी माहिती अधिकारात अर्ज येऊ शकतो, आणि कधी कधी तो विरुद्ध बाजूकडूनच येतो. तिसऱ्या व्यक्तीने, म्हणजे इथे मोफत वकील मागणाऱ्या आपण, गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करण्याचा विचार असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत त्या व्यक्तीला नोटीस द्यावी लागते आणि तिला म्हणणे मांडायला नोटीस मिळाल्यापासून दहा दिवस मिळतात. नोटीस आली, तर त्या दहा दिवसांत लेखी हरकत द्यावी आणि तिच्यात कलम ८(१)(ञ) चा, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या अपवादाचा, उल्लेख करावा. लोकहिताचा मुद्दा समोरच्याने मांडल्यास तो अधिकारी तपासतो, म्हणून आपल्या जिवाला किंवा अब्रूला असलेला धोका हरकतीत ठोस प्रसंगासह लिहावा.

निघताना आवक क्रमांक टाकलेली पोच घ्यावी, दिलेल्या प्रतींची यादी तिच्याच मागे लिहून ठेवावी आणि पोच घरातल्या कपाटात न ठेवता ज्याचा फोन क्रमांक दिला त्याच्याकडे ठेवावी. पुढे क्रमांक बदलला, तर लेखी अर्ज देऊन नोंद बदलून घ्यावी.