रोटॅक्स 912 चं ऑइल प्रेशर: गाडीच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

घरी विमान बांधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हात आधी मोटारसायकल किंवा कारच्या इंजिनावर बसलेला असतो. रोटॅक्स 912 हे छोट्या विमानांचं इंजिन बघितलं की हेही त्यातलंच वाटतं: चार सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, पुढे रेडिएटर. आपल्याकडे एनसीसीच्या पिपिस्ट्रेल मायक्रोलाइटमध्येही (छोट्या, हलक्या विमानात) 912 च असतं. त्यामुळे ऑइल प्रेशरची तक्रार आली की पहिला पाना गाडीच्या सवयीने फिरतो आणि तिथेच घोळ होतो.

गाडीत ऑइल इंजिनाच्या तळाशी साठतं. 912 मध्ये ते बाहेरच्या टाकीत असतं. पंप ते टाकीतून, कूलरमार्गे, ओढून घेतो आणि मग फिल्टरमधून बेअरिंगांकडे पाठवतो. परतीसाठी वेगळा पंप नाहीच. पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या गॅसचा दाब ऑइलला टाकीकडे ढकलतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचे पाइप आणि कूलर दाबाखाली नसतात, ओढीखाली असतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा आपोआप होतो.

आकडे असे: 3500 आरपीएमच्या वर 2 ते 5 बार, त्याखाली कमीत कमी 0.8 बार. थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ 7 बारपर्यंत गेलं तरी चालतं. गरम इंजिन आयडलला सव्वा बार दाखवत असेल तर ते आजारी नाही, उगाच उघडू नका. मात्र सुरू केल्यावर 10 सेकंदांत प्रेशर चढलं नाही तर लगेच बंद करा. ‘बघू, येईल’ म्हणत थांबू नका.

डिपस्टिक काढली, कमी दिसलं, ऑइल ओतलं

उभ्या विमानात थोडं ऑइल इंजिनाच्या पोटात उतरून बसतं, म्हणून डिपस्टिक खोटं सांगते. आधी दोन्ही इग्निशन बंद असल्याची खात्री करा आणि पंखा (प्रोपेलर) हाताने सावकाश फिरवा. टाकीत बुडबुड आवाज आला की पोटातलं ऑइल परत आलं असं समजा; मग डिपस्टिक बघा. इंजिन चालताना पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला तर ऑइलच्या वाटेत हवा शिरू शकते.

गळती शोधताना फक्त थेंब बघणं

ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते. काटा थरथरतोय, प्रेशर मधेच पडतंय, आणि खाली एक थेंबही नाही. मग लोक पंपावर संशय घेतात. पण ओढीच्या बाजूचा क्लॅम्प सैल असला किंवा रबरी होजला बारीक चीर असली, तर ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकीतल्या ऑइलला फेस दिसला तर संशय पक्का. टाकी ते कूलर आणि कूलर ते पंप, प्रत्येक जोड हाताने हलवून बघा. होज कुठे दुमडलाय का, गरम झाल्यावर मऊ पडून आत चपटा होतोय का, तेही बघा. जुना होज वरून ठणठणीत दिसतो आणि आतून सुटलेला असतो. शंका असेल तर बदलून टाका, इंजिनाच्या किमतीपुढे होज म्हणजे काहीच नाही.

थंडीत याच ओढीचा आणखी एक खेळ चालतो. आयडलला प्रेशर छान उंच दिसतं, म्हणून थ्रॉटल उघडावा तर ते घसरतं. घट्ट ऑइल पाइपातून तेवढ्या वेगाने येत नाही आणि पंप उपाशी राहतो. दोनेक मिनिटं 2000 आरपीएम, मग 2500, आणि ऑइल 50 अंशांवर पोचल्याशिवाय पूर्ण ताकद नाही.

ऑइल बदललं आणि थेट स्टार्टर दाबला

पाइप किंवा कूलर उघडला असेल तर वाटेत हवा अडकलेली असते. ती काढल्याशिवाय इंजिन सुरू केलं तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे, ऑइलवर चालणारे भाग) कोरडे राहतात आणि नुकसान आत होतं, बाहेरून कळतही नाही. स्पार्क प्लग काढा, टाकीला हवेचा हलका दाब द्या (1 बारच्या वर कधीच नाही) आणि गेजवर प्रेशर दिसेपर्यंत पंखा हाताने फिरवा. नेमका क्रम कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच पाळा. झाकण उघडण्याआधी टाकीतला दाब सोडायला विसरू नका. साध्या ऑइल चेंजला ओढीचे पाइप उघडायची गरजच नसते.

सेन्सरवर खापर फोडणं, तेही हवेत

हवेत असताना सेन्सरवर खापर फोडायचं नाही. जमिनीवर मात्र उलटं करावं: इंजिन खोलण्याआधी गेजवर शंका घ्या. जुने सेन्सर रेझिस्टन्सवर चालतात आणि त्यांना इंजिनाच्या बॉडीतून अर्थिंग मिळतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली किंवा अर्थिंगची पट्टी गंजली की प्रेशर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, आणि वायर तुटली तर काटा थेट टोकाला जातो. नवे सेन्सर 4 ते 20 मिलीअँपिअरवर चालतात. त्यांची वायर तुटली की शून्य दिसतं. जुन्या गेजला नवा सेन्सर जोडला की आकडे निरर्थक येतात, आणि ही जोडी जमवणारे कमी नाहीत. खात्री करायची तर साधा मेकॅनिकल गेज थेट लावून दोन्ही आकडे ताडून बघा.

हवेत मात्र आकडा खरा मानायचा. प्रेशर पडतंय आणि ऑइलचं तापमान चढतंय, तर शंकेला जागाच नाही. तापमान स्थिर असेल तर कदाचित सेन्सर असेल, पण ते उतरल्यावर ठरवा. पॉवर कमी करा आणि जवळचं मैदान गाठा.

स्प्रिंगखाली वॉशर

प्रेशर कमी म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर टाकणारे ‘अनुभवी’ भेटतात. त्याने कारण झाकलं जातं, इतकंच. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा बसलाय का, स्प्रिंग थकलीय का, ते बघा.

ऑइल आणि फिल्टरबद्दल थोडक्यात: याच ऑइलवर गिअरबॉक्सही चालतो, त्यामुळे साधं विमानाचं ऑइल चालत नाही, आणि कारचा फिल्टर आट्यांत बसला तरी लावू नका, कारण त्यातला बायपास (फिल्टर तुंबला तर ऑइलला वाट देणारी झडप) वेगळ्या दाबाला उघडतो. जुना फिल्टर कापून, घड्या उलगडून उन्हात धरा आणि चुंबकी प्लगही तपासा. धातूच्या चकाकत्या पापड्या दिसल्या तर गेज काहीही म्हणो, ते इंजिन पुन्हा सुरू न करता जाणकाराकडे न्या.