६० की १२०? कोनमापक लावायच्या आधी कोनाचं नाव सांगा

कोनमापकावर आकडे दोन्ही बाजूंनी असतात, त्यामुळे पोरं ६० चा कोन १२० लिहून मोकळी होतात. रत्नागिरीला सुट्टीत भाचीला हे शिकवलं, खूप फरक पडला.

१. कागद अर्धा दुमडा, मग तीच घडी घडीवर जुळवून परत दुमडा, कागदाच्या कडा फाटक्या असल्या तरी चालतं, घडीचा कोपरा बरोब्बर ९० चा, म्हणजे काटकोन.
२. कोपरा कोनावर ठेवा. कोन झाकला गेला तर लघुकोन, बाहेर आला तर विशालकोन.
३. आता वाचा, लघुकोनाला लहान आकडा, विशालकोनाला मोठा.

सरावाला समोरच्या कौलारू घराचं चित्र काढायला सांगा, छपराचा वरचा कोन बहुतेक विशालकोनच निघतो.

फक्त १८० च्या पुढचा प्रविशाल कोन असेल तर त्याच्या दुसऱ्या बाजूचा लहान कोन मोजून ३६० मधून वजा करायचा.