हिरडीचं ग्राफ्ट झाल्यावर या चुका टाळा

हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं की तोंडातल्या टाळूतून ऊतीचा पातळ तुकडा काढून तिथे शिवतात, तेच ग्राफ्ट. तो धरतो की नाही, ते बरंचसं पुढच्या दोन आठवड्यांत ठरतं. या दिवसांत हयगय करणारे थोडेच असतात. नको तिथे हात लावणारे जास्त.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओठ ओढून आरशात बघणं. शिवलेल्या तुकड्याला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन-तीन दिवस तो खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगून असतो. मग बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरायला लागतात आणि आठवडाभरात रक्त बऱ्यापैकी फिरू लागतं. एवढ्यात ओठ खेचला की टाक्यांवर ताण येतो, तुकडा केसभर जरी सरकला तरी नुकत्या जुळू लागलेल्या वाहिन्या तुटतात. मोबाइलच्या टॉर्चमध्ये फोटो काढून ताईला व्हॉट्सॲपवर पाठवणं, जिभेने सारखं चाचपणं, सगळं यातच आलं.

शिवाय बघून हाती लागते ती नुसती धास्ती. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास ग्राफ्ट पांढुरकं दिसतं, भिजलेल्या कागदासारखं सालपट सुटायला लागतं. पू झाला समजून लोक ते कापसाने पुसतात आणि तिथेच घात होतो. वरचा थर गळतो, खालून नवा येतो, एवढंच ते असतं. त्याला हात लावू नका. जखम झाकायला गुलाबी पॅक, म्हणजे घट्ट होणारा लेप, लावला असेल आणि त्याचा तुकडा निघाला, तर तो पुन्हा चिकटवायचा खटाटोप नको. दवाखान्यात फोन करून सांगा.

बऱ्याच जणांना ग्राफ्टपेक्षा टाळूच जास्त ठणकतो. रक्त तिथूनही येतं. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसली तर ते चालायचंच. पण रक्त दिसलं की चुळांवर चुळा भरायच्या, ही सवय मोडा. धरत आलेली गुठळी त्याने धुऊन जाते. स्वच्छ ओला गॉझ किंवा भिजवून गार केलेली चहाची पिशवी जखमेवर बोटाने 20 मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून ‘थांबलं का’ बघितलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

भेटायला येणारे हमखास शहाळं आणतात. पाणी प्यायला उत्तमच, पण स्ट्रॉने नाही. ओढताना तोंडात जो ताण तयार होतो त्याने गुठळी निघू शकते. पेल्यात ओतून घ्या. खाण्यात ‘मऊ’ एवढंच बघितलं जातं आणि तिथेही फसगत होते: मुगाची खिचडी मऊच असते, पण फोडणीतली मोहरी टाक्यांत जाऊन बसते. तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट यांचंही तेच. बिनफोडणीची खिचडी, पेज, ताक-भात, केळं, तेही कोमट किंवा गार. भूल उतरेपर्यंत चहा नकोच, ओठ भाजला तरी कळत नाही.

घरगुती उपायांत लवंगेचं तेल आघाडीवर. उघड्या जखमेवर ते चुरचुरतं आणि ऊतीला इजा करतं. हळदही चेपू नका. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन घेतली तर रक्तस्राव वाढतो. मात्र हृदयासाठी ती चालू असेल तर आपल्या मनाने बंदही करायची नाही. आणि तंबाखू. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ग्राफ्टला जे हवंय नेमकं तेच तुटतं. सिगारेट सोडली म्हणणारे मिश्रीचं नाव काढत नाहीत, कारण तिला व्यसन म्हणायची पद्धतच नाही. मिश्री तंबाखूच आहे, आणि बोटाने घासणं वर.

‘तिथे ब्रश नको’ याचा अर्थ काही जण कुठेच ब्रश नको असा घेतात. बाकीचे दात रोज घासायचेच. ग्राफ्टच्या जागी डॉक्टर सांगेपर्यंत क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश. खळखळवायचा नाही, तोंडात धरून मान हलकेच कलती करायची आणि बेसिनमध्ये ओघळू द्यायचा, थुंकायचा नाही. पेस्टनंतर अर्धा तास थांबून घ्या, नाहीतर त्याचा गुण कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर साफ करता येतात.

टाक्याचं टोक टोचलं तरी घरी कापू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतरही चढतच राहिली, ताप आला, ओसरलेलं दुखणं पुन्हा उसळलं, तुकडा हलताना जाणवला किंवा दाबूनही रक्त थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.